जहाज कुणासाठी थांबतं?

नॉर्वेहून परत आल्यापासून भुसावळात जो भेटतो तो जहाजाबद्दल विचारतो. किती मजले होते? स्विमिंग पूल होता का? शाकाहारी जेवणाचे हाल झाले का? जहाज बंदराला किती वेळ थांबायचं, हे मात्र अजून एकानेही विचारलेलं नाही. उत्तरेच्या क्रूझमध्ये जहाज म्हणजे राहायची खोली, जेवणाची सोय आणि रात्रीचा प्रवास. नॉर्वे दिसतो तो बंदरात उतरल्यावर. सकाळी आठला जहाज धक्क्याला लागतं आणि संध्याकाळी पाच-सहाला सुटतं. मधल्या वेळात काय करायचं आणि कुणाच्या भरवशावर करायचं, हे घरी बसूनच ठरवावं लागतं. ज्यांच्या डोक्यात असा प्रवास आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

मी रेल्वेत गार्ड होतो. 2022 च्या जानेवारीत रेल्वेने गार्डला 'ट्रेन मॅनेजर' असं भारदस्त नाव दिलं, पण मी त्याआधीच निवृत्त झालो, त्यामुळे मरेपर्यंत गार्डच. मुलगा हॅम्बुर्गला नोकरीला आहे. त्याच्याकडे राहायला गेलोच होतो, तर त्याने तिथूनच निघणारी क्रूझ काढून दिली. सोबत माझी बायको, तिची थोरली बहीण आणि माझे साडू. साडूंना सगळे नाना म्हणतात, मेहुणीला ताई. यावल तालुक्यात त्यांची केळी आहे. आषाढातली कामं मुलावर सोपवून ते निघाले, हीच मुळात बातमी होती.

व्हिसाचं थोडक्यात सांगतो. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, आहे. आमचा मुक्काम जास्त जर्मनीत, म्हणून जर्मनीचा शेंगेन व्हिसा घेतला आणि त्याच्यावरच नॉर्वे झाला. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागलं. प्रवासविमा किमान तीस हजार युरोचा लागतो आणि बँकेचे कागद नीट लागतात. नानांचे सगळे व्यवहार केळीच्या हंगामावर चालतात, त्यामुळे त्यांच्या खात्यात एकदम मोठी रक्कम येते आणि मग कित्येक महिने काहीच नाही. सातबारा आणि सीएचं पत्र जोडलं, काम झालं. इंग्लंडहून निघणारी क्रूझ घेतली तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, शिवाय तिकडचं घड्याळ नॉर्वेच्या एक तास मागे. जहाजावरची वेळ आणि बंदरावरची वेळ यांचा घोळ होऊ शकतो. हॅम्बुर्गहून निघालं की ही भानगडच नाही.

आता मुख्य गोष्ट. तिकीट झालं की क्रूझ कंपनी सहलींची एक लांबलचक यादी पाठवते. त्याला ते शोअर एक्स्कर्शन म्हणतात. बस, बोट, डोंगर, हिमनदी, कयाक, सायकल, जे म्हणाल ते. पैसे तिकिटाच्या वर, दर माणशी वेगळे, आणि चांगलेच. नानांनी चौघांचा हिशोब रुपयांत केला आणि विचारलं, "येवढ्या पैशात त्या बसमध्ये काय करू राहिले ते लोक?"

यादी बाजूला ठेवून मी आधी फक्त वेळा मांडल्या. प्रत्येक बंदरात जहाज कधी लागतं, कधी सुटतं आणि 'ऑल अबोर्ड' कधी. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. जहाज सहाला सुटणार असेल तर साधारण साडेपाचला तुम्ही आत पाहिजे. नियम असा की कंपनीच्या सहलीची बस वाटेत अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं किंवा त्या लोकांना पुढच्या बंदरावर पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. तुम्ही तुमचे तुमचे गेलात आणि उशीर झाला, तर जहाज निघून जातं. मग पुढचं बंदर गाठायचं ते तुमच्या खर्चाने. ही गोष्ट वाचून बायको घाबरली. मला उलट बरं वाटलं. आयुष्यभर याच नियमावर भाकरी खाल्ली आहे.

त्यावरून आमचं धोरण ठरलं. जिथून पायी परत येता येईल तिथे स्वतः फिरायचं. आमच्यात आणि जहाजात गाडीरस्ता, घाट किंवा बोट येत असेल तिथे कंपनीचीच सहल घ्यायची, महाग पडली तरी. बर्गन आणि ओलसुंद पायी, गायरांगरला कंपनीची बस. स्टावांगरला प्रेकेस्टोलेन नावाचा 604 मीटर उंचीचा कडा समोरच्या फ्योर्डमधून, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीतून, दाखवणारी बोट असते, ती कंपनीकडून घेतली. फ्लोम हा एकच अपवाद केला, त्याचं कारण पुढे येईल.

हॅम्बुर्गला चढताना सामानाची तपासणी विमानतळासारखीच होते. ताईंच्या बॅगेतून चहाची इलेक्ट्रिक किटली निघाली आणि तिथेच राहिली. आगीच्या भीतीने केबिनमध्ये तापणारी कुठलीच वस्तू चालत नाही, इस्त्रीसुद्धा नाही. पावती मिळते, उतरताना वस्तू परत. ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्यांना कुणी हात लावला नाही. मग एक प्लास्टिकचं कार्ड मिळालं. खोलीची किल्ली तेच, जहाजावरचं पाकीट तेच आणि बंदरात उतरता-चढताना हजेरीही तेच. दारावर ते यंत्राला लावलं की टुंग वाजतं आणि पडद्यावर तुमचा फोटो येतो. कोण बाहेर आहे, कोण आत आहे, हे त्यांना क्षणोक्षणी कळतं. सुटण्याआधी सुरक्षा कवायत झाली. धोक्याची खूण म्हणजे सात आखूड भोंगे आणि एक लांब. हॉर्नच्या खुणा कानात बसलेल्या माणसाला ती एकदाच ऐकून पाठ झाली.

एल्बे नदीतून समुद्राला लागायलाच शंभरेक किलोमीटर जातात. त्यानंतर एक अख्खा दिवस पाणीच पाणी. उत्तर समुद्र बऱ्यापैकी हलवतो. ताई आडव्या पडून होत्या. नाना डेकवर फेऱ्या मारत होते. नाश्त्याला ठेवलेल्या केळ्यांवर इक्वेडोरचं स्टिकर पाहून त्यांनी एक केळ सोललं, अर्धं खाल्लं, साल वाकवून पाहिली आणि म्हणाले, "आपल्या ग्रँड नैन जातीचंच खानदान. चवीला आपलं बरं." जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हे त्यांनी टेबलावरच्या एका जर्मन जोडप्याला माझ्यामार्फत सांगायला लावलं. डेकवर थर्मामीटर होता, तेरा-चौदा अंश. केळी जहाजाने पाठवताना कंटेनरचं तापमान नेमकं एवढंच ठेवतात, म्हणजे माल पिकत नाही आणि काळाही पडत नाही. "आपल्याला कंटेनरमध्ये भरून चालवलंय, गार्डसाहेब," नाना म्हणाले. भुसावळातून निघालो तेव्हा उकाड्याने जीव नकोसा झाला होता, हे सांगायला नको.

रोज रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचा छापील कागद येतो. बंदराचं नाव, हवामान, उतरायचा मजला, ऑल अबोर्डची वेळ आणि खाली बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर. बहुतेक लोक त्यातलं जेवणाचं आणि नाचगाण्याचं वाचतात आणि कागद तिथेच टाकून उतरतात. मी चौघांच्याही मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवायचो. हरवलेल्या माणसाला तो एजंटाचा नंबरच वाचवतो.

पहिलं बंदर बर्गन. धुक्यातून शहर दिसलं ते पावसातच. तिथे वर्षाला दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि लोकांना त्याचं काही वाटत नाही. छत्री कुणाकडे दिसली नाही, सगळे रेनकोटात. धक्क्यापासून ब्रिगेन पंधरा मिनिटांच्या आत पायी. समुद्रालगत लाल, पिवळ्या, मातकट रंगाच्या लाकडी इमारती एकमेकींना टेकून उभ्या आहेत, आणि 1979 पासून त्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. हान्सा नावाच्या संघातल्या जर्मन व्यापाऱ्यांची ही पेठ. उत्तरेकडून सुकवलेली कॉड मासळी यायची आणि तिच्या बदल्यात धान्य जायचं.

बहुतेक लोक समोरचे फोटो काढून पुढे जातात. तुम्ही मधल्या बोळांत शिरा. फळ्यांची जमीन, दोन्ही बाजूंना कललेल्या भिंती, वर माल ओढायच्या कप्प्या आणि लाकडाचा ओला वास. तिथे कळलं की आगीच्या भीतीने या इमारतींत दिवा-चूल पेटवायला बंदी होती. उत्तरेची थंडी, अंधार, आणि व्यापाऱ्यांची पोरं विस्तवाशिवाय राहायची. ऊब आणि स्वयंपाक मागे वेगळ्या घरात. एवढी काळजी घेऊनही 1702 साली सगळं जळालं आणि पुन्हा त्याच नकाशावर उभं राहिलं. ताई म्हणाल्या, "आणि माझी किटली घेतली म्हणून मी चिडले होते."

वर फ्लोयेन डोंगरावर जायला 1918 पासूनची फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी डोंगरगाडी आहे, 320 मीटरपर्यंत नेते. सकाळी लवकर गेलो म्हणून रांग नव्हती. परत आलो तेव्हा तीन बस भरून माणसं उभी होती. बंदराच्या गावात हा एक मोठा फरक पडतो: कंपनीच्या बस नाश्ता उरकून नऊ-साडेनऊला सुटतात. दार उघडताच उतरलात तर पहिला तास गाव तुमचं असतं. मासळीबाजारात आमच्यासारख्यांनी नुसतं बघायचं. कॉफी घेतली. एक क्रोन म्हणजे तेव्हा साधारण आठ रुपये, हे गणित तिथे विसरावं, नाहीतर घोट गळ्याखाली उतरत नाही. रोख पैसे कुठेच लागले नाहीत. सगळीकडे कार्ड चालतं. पाणी विकत घेऊ नका, नळाचं उत्तम आहे.

मग फ्लोम. सोग्नेफ्योर्ड हा नॉर्वेचा सगळ्यात लांब फ्योर्ड, दोनशे किलोमीटरच्या वर. जहाज रात्रभर त्यातून आत येतं आणि सकाळी डोंगरांच्या कोंडीत, काहीशे वस्तीच्या गावाशी लागतं. जहाज गावापेक्षा मोठं दिसतं. इथून वर मिरदालला जाणारी रेल्वे आहे आणि माझ्यासाठी ही सगळी क्रूझ तिच्याचसाठी होती.

इथे माझ्या नियमाप्रमाणे कंपनीची सहल घ्यायला हवी होती. पण स्टेशन धक्क्याच्या शेजारीच आहे, गाडी तिथूनच निघते आणि तिथेच परत येते, जाऊन-येऊन दोन तास. कंपनी त्याच गाडीचे बरेच जास्त पैसे लावत होती. मुलाने रेल्वेची तिकिटं काही महिने आधी थेट काढली आणि मी सकाळची गाडी निवडली, म्हणजे काही बिघाड झालाच तर मागे दिवसभर गाड्या आहेत. शेवटच्या गाडीचं तिकीट काढून जहाजावर विसंबणारा माणूस रेल्वेला ओळखत नाही. आयत्या वेळी मात्र तिकीट मिळेल ही आशा ठेवू नका. जहाज ज्या दिवशी येतं त्या दिवशी खिडकीवर 'फुल'चा बोर्ड लागतो.

गाडी गडद हिरवी, दोन्ही टोकांना विजेचं इंजिन. वीस किलोमीटरच्या वाटेत समुद्रसपाटीपासून 866 मीटर चढते. चढ 18 ला 1, म्हणजे अठरा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आमच्या कसाऱ्याच्या घाटात, म्हणजे थळ घाटात, चढ 37 ला 1 आहे आणि तेवढ्यासाठी कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावून इगतपुरीपर्यंत गाडी ढकलत न्यावी लागते. हा चढ त्याच्या दुप्पट, आणि चाकाला पकड द्यायला मधे दात्यांची पट्टी नाही. साधं चाक, साधा रूळ. बायको खिडकीतून धबधबे बघत होती आणि मी आतल्या बाजूला रुळांचा आवाज ऐकत बसलो होतो. चाक कुठे घसरतंय का, ब्रेकचा ब्लॉक कुठे धरतोय, हेच. ती म्हणाली, "सगळे बाहेर बघतायत आणि तुम्ही पायाखाली." वीसपैकी अठरा बोगदे हातांनी खोदलेले आहेत. एका बोगद्यात गाडी डोंगराच्या पोटातच पूर्ण उलटी वळते आणि बाहेर पडल्यावर आपण आलो ती वाट खाली दिसते. काम 1920 च्या दशकात सुरू झालं आणि 1940 मध्ये पहिली गाडी धावली, तीही वाफेच्या इंजिनाची. वीज नंतर आली.

वाटेत क्योसफोसेन धबधब्याला गाडी पाचेक मिनिटं थांबते. सगळे फलाटावर उतरतात, तुषारांनी भिजतात, आणि अचानक कड्यावर लाल कपड्यातली एक बाई गाण्यावर नाचायला लागते. त्यांच्या लोककथेतली हुल्द्रा, रानातली मोहिनी. तिची शेपटी गाईची असते म्हणतात. ताईंनी हात जोडले. आपल्याकडे आसरा असतात पाण्याच्या ठिकाणी, त्यामुळे त्यांना यात नवल वाटलं नाही. मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. शिट्टी झाल्यावर ती सगळी गर्दी, हातात मोबाइल, डोक्यावरून पाणी गळतंय, दीड मिनिटात आत. दारं बंद, गाडी हलली. आमच्याकडे पंढरपूरच्या स्पेशलला हे जमवायला गार्डचा घसा बसतो.

परत आल्यावर स्टेशनजवळचं छोटं रेल्वे संग्रहालय पाहिलं. जुनी इंजिनं आणि काम करणाऱ्यांचे फोटो. दुपारभर मी तिथेच होतो. बाकीचे तिघे जहाजावर जाऊन जेवून, झोपून आले.

गायरांगरला प्रकरण वेगळं. फ्योर्ड अरुंद, शेवटी दोन-अडीचशे वस्तीचं गाव. एका जहाजाला लागता येईल असा तरंगता, फिरता धक्का तिथे आहे, पण तो दुसऱ्या जहाजाला मिळाला होता. आम्ही मधे नांगर टाकून थांबलो आणि टेंडर सुरू झाले. टेंडर म्हणजे जहाजाच्या जीवरक्षक नौकाच, त्याच माणसांना किनाऱ्यावर नेतात. यासाठी नंबराची चिठ्ठी मिळते आणि नाट्यगृहात बसून आपल्या नंबराची वाट बघायची. कंपनीच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात. हा आणखी एक फायदा, जो छापील यादीत कुठे लिहिलेला नसतो. स्वतःचे जाणारे पाऊण-एक तास मागे पडले.

ताईंचे गुडघे दुखतात, म्हणून टेंडरची धास्ती होती. नौका खालीवर होते आणि जहाजाच्या दारातून तिच्यात पाय टाकायचा. दोन खलाशी दोन बाजूंना उभे होते, त्यातला एक गोव्याचा. त्याने ताईंचा हात हातात घेतला नाही. कोपराजवळ दंडाशी पकडलं आणि ताईंना त्याचा दंड पकडायला लावला. "आत्ता नाही... आत्ता नाही... आता, मावशी," आणि नौका वर आली त्याच क्षणी पाय पडला. हात हातात धरला तर ओला हात सुटतो, दंडाला दंड सुटत नाही. रेल्वेत चढणाऱ्या म्हाताऱ्यांना आपण बोटं धरून ओढतो, ते किती चुकीचं आहे हे मला त्या वयात कळलं.

बसने आधी ईगल रोडची अकरा हेअरपिन वळणं चढवली, मग दुसऱ्या बाजूने डाल्सनिब्बाला नेलं, सुमारे दीड हजार मीटर. जुलै महिना आणि रस्त्याकडेला बर्फाच्या भिंती. नानांनी बर्फ हातात घेतला, दाबला, खिशातल्या प्लास्टिकच्या पिशवीत भरला. कशाला, ते विचारलं नाही. उतरताना शेतांत पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गवताचे मोठमोठे गोळे दिसत होते, आणि उरलेल्या वाटेत नाना कड्यांकडे न बघता ते गोळेच मोजत होते. ओलं गवत हवाबंद करून मुरवतात, म्हणजे सहा-सात महिन्यांच्या हिवाळ्यात गुरांना चारा. गाइडने एवढं सांगितल्यावर त्यांनी गोळ्याची किंमत विचारली. तिला ती माहीत नव्हती. नानांच्या मते गाइडला ती माहीत असायला पाहिजे.

नेमकी त्या दिवशी संकष्टी होती. बायको आणि ताई दोघींचा उपास. आता चंद्र बघून सोडायचा म्हटलं तर उत्तरेला त्या दिवसांत रात्री अकरालाही स्वच्छ उजेड, चंद्र उगवायलाच मध्यरात्र, आणि उगवला तरी दोन्ही बाजूंना हजार-हजार मीटरचे कडे. ताईंचं म्हणणं, नसेल दिसत तर उद्या सकाळी सोडू. बायकोने जळगावला जाऊबाईंना फोन लावला. "तिकडे उगवला का?" तिकडे रात्रीचे दहा वाजत आले होते, इथे संध्याकाळचे साडेसहा. जाऊबाईंनी गच्चीवर जाऊन सांगितलं, ढगात आहे पण कालनिर्णयात दिलेली वेळ झाली. एवढं पुरे झालं. आपल्या घरचा चंद्र तो आपला चंद्र, असा निर्णय झाला आणि दोघींनी डेकवर उन्हात उभ्या राहून राजगिऱ्याच्या लाडवाने उपास सोडला. जहाज तेव्हा सेव्हन सिस्टर्स धबधब्यापुढून जात होतं. सात धारा कड्यावरून सुटतात आणि समोरच्या कड्यावर एकटी एक धार, तिला 'मागणी घालणारा' म्हणतात. सातही बहिणींनी त्याला नकार दिला म्हणे. मधे कड्याच्या कपारीत एक ओसाड शेतघर दिसतं. तिथे माणसं राहत होती, गुरं पाळत होती. नानांनी दुर्बीण दुसऱ्या प्रवाशाकडून मागून घेतली आणि बराच वेळ ते घर बघितलं. "माल खाली कसा आणत असतील?" एवढंच बोलले.

ओलसुंद हे पायी फिरायला सगळ्यात सोपं. जहाज शहरातच लागतं. 1904 च्या जानेवारीत एका रात्रीच्या आगीत लाकडी शहर जळून गेलं, दहा हजारांच्या आसपास माणसं थंडीत उघड्यावर आली. जर्मनीच्या कैसर विल्हेल्मने जहाजांतून मदत पाठवली. पुढच्या तीन-चार वर्षांत दगड-विटांचं नवं शहर उभं राहिलं, सगळं त्या काळच्या आर्ट नूवो शैलीत. म्हणून मनोरे, वेलबुट्ट्या आणि ड्रॅगन अख्ख्या शहरभर एकाच हातचे वाटतात. वरून बघायचं तर आक्सला टेकडीच्या 418 पायऱ्या. बायको आणि मी चढलो. ताई खाली बाकावर. नाना सुपरमार्केटमध्ये. आम्ही परत आलो तेव्हा ते केळ्यांच्या कप्प्यापाशीच होते, आणि फोन व्हिडिओ कॉलवर होता. पलीकडे यावलला मुलगा. एक फणी उलटी करून देठ दाखवणं चाललं होतं. दुकानातली पोरगी लांबून बघत होती, पण काही बोलली नाही.

ऑल अबोर्डच्या आधी तासभर आम्ही आत होतो. नंतर डेकवर गेलो, कारण तिथे रोजचा एक तमाशा असतो. वेळ होत आली, दोर सोडणारी माणसं धक्क्यावर येऊन उभी राहिली, आणि लांबून एक जोडपं पळत येताना दिसलं. हातात खरेदीच्या पिशव्या. वरून शेकडो लोक टाळ्या वाजवायला लागले, शिट्ट्या, आरोळ्या. पोचले बिचारे. टाळ्यांत मी सामील झालो नाही. उतरणीचा पूल काढायची वेळ ठरलेली असते, पाण्यातून वाट दाखवणारा पायलट ठरलेल्या वेळेसाठी घेतलेला असतो, पुढच्या बंदरातली जागाही वेळेचीच. एक माणूस पाच मिनिटं उशिरा आला की त्याची किंमत पुढच्या बंदरात सगळे भरतात. गाडी लेट झाली की कंट्रोलला कारण मला लिहून द्यावं लागायचं, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना काय कळणार.

शेवटचं बंदर स्टावांगर. पहाटेच वारा वाढला. सातच्या सुमारास कॅप्टनचा आवाज आला: वारा जास्त आहे, आत घेणं सुरक्षित नाही, बंदर रद्द. जहाजभर नाराजी. रिसेप्शनवर लोक भांडायला गेले. मला कॅप्टनची बाजू पटत होती, पण प्रेकेस्टोलेनची हळहळ होतीच. पांढऱ्या लाकडी घरांचं जुनं गाव, डबाबंद सार्डिनचं संग्रहालय, उत्तर समुद्रातल्या तेलाचं संग्रहालय, सगळं राहिलं. इथे कंपनीकडून घेतलेल्या सहलीचा शेवटचा फायदा कळला: पैसे काही न बोलता परत जमा झाले. शेजारच्या टेबलावरच्या मंडळींनी बोट बाहेरच्या माणसाकडून ठरवली होती. ते दिवसभर ईमेल लिहीत होते. बाहेरून काही ठरवणार असाल तर 'जहाज आलंच नाही तर पैसे परत' हे आधी लेखी घ्या.

शेवटच्या रात्री बिल आलं. सहलीची परत आलेली रक्कम, बंदराचा कर परत, आणि दर दिवशी दर माणशी आपोआप लावलेली टिप. ही टिप घरून निघताना हिशोबात धरा, लहान नाही. नाना दिव्याखाली बसले आणि बोट ठेवून एकेक ओळ तपासली. केळीच्या पट्टीत कपात शोधण्यात हयात गेलेला माणूस. दोन बाटल्या पाण्याचे पैसे निघाले. केबिनच्या टेबलावर ठेवलेल्या, गळ्यात किमतीची चिठ्ठी अडकवलेल्या बाटल्या. नळाचं पाणी उत्तम असताना या कुणी फोडल्या, अशी चौकशी सुरू झाली. ताई म्हणाल्या, संकष्टीला उपास सोडताना नळाचं पाणी कसं प्यायचं? नाना गप्प बसले आणि सही केली.